नवी गाडी: एफडी मोडून की हप्त्यांवर?

शोरूममध्ये जाऊन ‘पैसे एकरकमी भरणार’ असं सांगितलं, की समोरच्या मुलाचा उत्साह जरासा मावळतो. त्याला कारण आहे. गाडीबरोबर कर्जही गळ्यात मारता आलं, तर बँकेकडून शोरूमला त्याची दलाली मिळते. मग तो कॅल्क्युलेटर पुढे ओढतो आणि असा हिशेब मांडतो, की भलेभले गप्प बसतात.

‘साहेब, सहा लाखांची एफडी साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षं तशीच राहू द्या. व्याज होतं २ लाख २८ हजार. आमच्याकडून सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी घ्या. पाच वर्षांत व्याज जातं १ लाख ४७ हजार. म्हणजे कर्ज घेऊन वर ८१ हजार तुमच्याच खिशात. एफडी कशाला मोडता?’

दोन्ही आकडे बरोबर आहेत, घरी जाऊन ताडून बघा. पण नऊ टक्क्यांनी पैसे घेऊन साडेसहा टक्क्यांनी ठेवले आणि तरी फायदा झाला, असं होत असतं तर बँकांनी कधीच दुकान बंद केलं असतं. गोम कुठे आहे ते समजलं, की बचत की कर्ज हा प्रश्न निम्मा सुटतो.

एफडीवर पूर्ण पाच वर्षं पूर्ण सहा लाखांवर व्याज चढत जातं. कर्जाची शिल्लक मात्र दर महिन्याला घटते, म्हणून दर जास्त असूनही व्याजाचा आकडा लहान दिसतो. ती शिल्लक घटते कशामुळे? तुम्ही दरमहा १२,४५५ रुपये हप्ता भरता म्हणून. हा हप्ता कुठून येतो, याचा त्या मुलाच्या हिशेबात पत्ताच नसतो.

आता शेजारच्या माणसाकडे बघू. त्यानं एफडी मोडून तीच गाडी घेतली. त्याला हप्ता नाही. जे १२,४५५ तुम्ही बँकेला देता, ते त्यानं दरमहा त्याच साडेसहा टक्क्यांच्या दरानं आरडीत टाकले. पाच वर्षांनी तुमच्याकडे एफडीचे ८ लाख २८ हजार, त्याच्याकडे आरडीचे जवळपास ८ लाख ७९ हजार. दोघांच्याही दारात पाच वर्षं जुनी तीच गाडी. कर्ज घेणारा ५१ हजारांनी मागे. त्यात एफडीचं व्याज करपात्र असतं, आणि पगारदार माणसाला स्वतःच्या गाडीच्या कर्जव्याजावर आयकरात वजावट मिळत नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हे अंतर सत्तर हजारांच्या घरात जातं. (धंद्यासाठी गाडी घेणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला व्याज आणि घसारा दोन्ही खर्चात दाखवता येतं, त्याचा सीए त्याला सांगेलच.)

थोडक्यात, कर्जाचा खरा खर्च म्हणजे कर्जाचा दर आणि ठेवीचा दर यांच्यातलं अंतर, शिल्लक कर्जावर मोजलेलं. इथे ते अडीच टक्के आहे. हेच गणित म्युच्युअल फंडाचं नाव घेऊनही मांडलं जातं, ‘फंड बारा टक्के देतो, कर्ज नऊ टक्क्यांचं’. देईलही कदाचित. पण फंडाचा परतावा बाजारावर असतो आणि हप्ता तारखेवर. बाजार पडलेल्या वर्षी हप्ता कमी होत नाही.

मग कर्ज घेणारे सगळे फसलेले का? तसं मी म्हणणार नाही. ते पन्नास-सत्तर हजार ही पैसा हाताशी ठेवण्याची फी आहे. घरात एकूण सात लाख शिल्लक असताना सहा लाखांची गाडी एकरकमी घेतली, आणि चार महिन्यांनी वडिलांना अँजिओप्लास्टीसाठी दाखल करावं लागलं, तर वैयक्तिक कर्जाशिवाय मार्ग उरत नाही. त्याचा दर गाडीच्या कर्जापेक्षा बराच चढा असतो, आणि तो ठरवताना घासाघीस करायच्या मनःस्थितीत कोणी नसतं. अशा घरानं थोडं कर्ज घेतलं तर ती फी वसूल आहे. उलट पंचवीस लाखांच्या ठेवी असताना ‘एफडीला हात लावायचा नाही’ या हट्टापायी पूर्ण कर्ज घेणारे बँकेला उगाच पोसत असतात.

यात एक मेख आहे. तो शेजारी खरोखर दरमहा आरडी भरतो का? बहुतेक वेळा नाही. एफडी मोडली, गाडी आली, आणि हप्त्याइतकी रक्कम हळूहळू घरखर्चात विरघळली, असंच घडतं. कर्जाचा हप्ता सक्तीचा असतो, आरडी ऐच्छिक. म्हणून एकरकमी गाडी घ्यायची तर ज्या दिवशी पैसे भराल त्याच दिवशी आरडीची सूचना बँकेला द्या. आणि त्याही आधी, जुनी गाडी चालवत असतानाच, नव्या गाडीच्या हप्त्याएवढी आरडी सहा महिने भरून पाहा. ओढाताण झाली तर ती गाडी तुमच्या आवाक्यातली नाही, मग पैसे एफडीतून येवोत की बँकेतून. निभावलं तर सहा महिन्यांत पाऊण लाखाचं डाउन पेमेंट तयार.

पण हा सगळा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, जुनी गाडी खरंच काढायची वेळ आली आहे का?

समजा २०११ची पेट्रोल हॅचबॅक आहे, लाखभर किलोमीटर झालेली. गेल्या वर्षी क्लच प्लेट, पुढचे शॉकअब्सॉर्बर आणि लोअर आर्म बदलले, एसीचा कॉम्प्रेसर गेला. गॅरेजवाल्याचं बिल चाळीस हजारांवर. घरात वाक्य ठरलेलं असतं: ‘एक लाखाच्या गाडीवर चाळीस हजार घालवायचे?’ ही तुलनाच चुकीची आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडायचा नसतो. ती दुरुस्ती करून पुढचं वर्ष-दोन वर्षं गाडी चालवायला किती लागेल आणि नवी गाडी घेऊन तेवढाच काळ चालवायला किती लागेल, हे ताडायचं.

ढोबळ आकडे मांडू. सहा लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर, म्हणजे ६६ हजार. विमा, नोंदणी, फास्टॅग आणि किरकोळ मिळून ४४ हजार धरले, तर रस्त्यावर यायला ७ लाख १० हजार. जुनी १ लाख १० हजारांना गेली, तर उभे करायचे सहा लाख. पाच वर्षांनी ही गाडी साडेतीन लाखांना विकली गेली असं धरलं, तरी दरवर्षी ७२ हजार नुसत्या किमतीतून झिजतात. त्यात विमा आणि सर्व्हिसिंगचे पंचवीस-तीस हजार. वर सहा लाखांवर बुडालेलं व्याज पहिल्या वर्षी ३९ हजार. वर्षाला एक लाख पस्तीस-चाळीस हजार, पेट्रोल सोडून. जुन्या गाडीच्या वाईटात वाईट वर्षी दुरुस्ती, विमा आणि किंमत घटणं सगळं धरूनही आकडा पाऊण लाख ते लाखात बसतो. आणि क्लच प्लेट, कॉम्प्रेसर दरवर्षी जात नाहीत. निव्वळ पैशांच्या हिशेबानं जुनी गाडी बहुतेक वेळा जिंकते, फक्त तिचा खर्च एकदम येतो म्हणून टोचतो. नवीचा खर्च हप्त्यांत आणि घसाऱ्यात दडून बसतो.

याला अपवाद आहेत. कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठी राहिलेल्या गाडीचा खालचा पत्रा खाऱ्या हवेनं खाल्लेला असतो. दाराखालची पट्टी आणि सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग गंजला असेल, तर वेल्डिंग करून, रंग मारून गाडी विकता येते, पण घरच्या माणसांना तीत बसवू नये. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल भरावं लागत असेल, तर इंजिनाचं काम जवळ आलंय. ‘हाफ इंजिन करू’ असं मेकॅनिक म्हणाला, की गाडी काढायचा विचार सुरू करावा. अंदाजावर न जाता दोन-तीन तासांची मजुरी देऊन गाडी लिफ्टवर घ्यायला लावा, कॉम्प्रेशन तपासून घ्या, आणि आत्ता काय, सहा महिन्यांत काय, पुढच्या वर्षी काय, असं लिहून मागा. चांगला मेकॅनिक हे करतो. जो नुसतं ‘आता विकून टाका साहेब’ म्हणतो, त्याच्याकडे बहुधा गिऱ्हाईक तयार असतं.

दुसरा अपवाद सुरक्षेचा. तो रुपयांत मोजता येत नाही, आणि माझ्या मते नवी गाडी घेण्याचं सर्वांत सबळ कारण तोच आहे. एबीएस भारतात नव्या गाड्यांना २०१९पासून सक्तीचं झालं. चालकाची एअरबॅगही त्याच वर्षी. शेजारच्या सीटची तर त्यानंतर. २०११च्या बेसिक मॉडेलमध्ये यांतलं काहीच नसतं. गाडी शहरात भाजी आणि शाळेपुरती फिरत असेल तर गोष्ट वेगळी. पण दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर होत असेल, मागे मुलं बसत असतील, तर क्लच प्लेटचा हिशेब बाजूला ठेवून याचा विचार करावा.

कायद्याबद्दल मात्र उगाच धास्ती घेऊ नका. ‘पंधरा वर्षांची गाडी आता चालणार नाही’ असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत हरित लवादाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत, ते त्या भागापुरते. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. एप्रिल २०२२पासून त्याची फी चारचाकीला पाच हजार आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५मध्ये ती दहा हजार झाली. शिवाय पर्यावरण कर आणि एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट, तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. हे सगळं मिळूनही नव्या गाडीच्या एका हप्त्याच्या आसपासच राहतं. इथेनॉलचा मुद्दा थोडा खरा आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या इंजिनांना धरून बनवलेलं नाही. मायलेज काही टक्के कमी होतं, आणि काही रबरी नळ्या, गॅस्केटं लवकर बदलावी लागू शकतात. पण त्यासाठी सात लाखांची गाडी घेणं म्हणजे पावसात भिजू नये म्हणून घर बदलण्यासारखं आहे.

एवढा विचार करूनही गाडी घ्यायची ठरली, तर वेळ साधता येते. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी उपकरासह पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमतही खाली येते, हे मात्र विकताना आठवतं. डिसेंबरात सूट मोठी असते कारण महिन्याभरात ती गाडी ‘गेल्या वर्षीची’ होणार असते. आठ-दहा वर्षं वापरणाऱ्यानं ती सूट खुशाल घ्यावी. तीन वर्षांत विकणाऱ्याला ती विकताना परत द्यावी लागते.

आता कर्जाकडे परत. हप्ता किती बसतो, एवढंच बघून कर्ज घेणाऱ्यांसाठी शोरूमनं सात वर्षांची मुदत ठेवलेली असते. सहा लाख नऊ टक्क्यांनी घेतले तर तीन वर्षांचा हप्ता १९,०८०, पाचचा १२,४५५, सातचा ९,६५३. शेवटचा आकडा गोड वाटतो. पण व्याज अनुक्रमे ८७ हजार, १ लाख ४७ हजार आणि २ लाख ११ हजार. आणि खरा धोका व्याजात नाही, विम्यात आहे. गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली, तर विमा कंपनी तिची त्या वेळची ठरलेली किंमत देते, जिला आयडीव्ही म्हणतात. ती सहा लाखांच्या गाडीला एक वर्षानंतर २० टक्के वजा होऊन ४ लाख ८० हजार, मग दरवर्षी ४ लाख २०, ३ लाख ६०, ३ लाख अशी उतरते. सात वर्षांच्या कर्जाची शिल्लक दोन वर्षांनी ४ लाख ६५ हजार आणि तीन वर्षांनी ३ लाख ८८ हजार असते. म्हणजे अपघातात गाडी गेली तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही वर पंचवीस-पंचेचाळीस हजार देणं उरतं, आणि दारात गाडी नाही. चौथ्या वर्षाअखेर कुठे दोन्ही आकडे जुळतात. कर्ज पूर्ण रकमेचं आणि लांबचं घ्यायचंच असेल तर विम्यात ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’चं जास्तीचं संरक्षण घ्या.

जुनी म्हणजे सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला वेगळा सापळा असतो, फ्लॅट रेटचा. ‘फक्त सात टक्के फ्लॅट’ ऐकून माणूस खूश होतो, कारण नव्या गाडीला नऊ टक्के ऐकलेले असतात. तीन लाख, चार वर्षं, सात टक्के फ्लॅट. व्याज ८४ हजार, हप्ता बरोबर आठ हजार. इथे व्याज शेवटपर्यंत मूळ तीन लाखांवर लावलं जातं, जरी तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असलात तरी. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर १२.७ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जांना एक छोटा तक्ता द्यावा लागतो, ज्यात सगळी फी धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. केएफएस नावानं तो मागा आणि दोन बँकांचे तक्ते शेजारी ठेवा. तोंडी दरांना अर्थ नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही तिथेच असतं. गाडीची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात आणि त्यांवर असा दंड लागू शकतो. बोनस आला की फेडून टाकू, असा बेत असेल तर हा आकडा आधी बघा.

मधला एक मार्ग फारसा कोणी सुचवत नाही, कारण त्यात कोणाला दलाली नाही: एफडीवरचं कर्ज. ठेव मोडायची नाही, तिच्या साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळतो, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दरानं. वरच्या हिशेबातलं अडीच टक्क्यांचं अंतर इथे एक-दोनवर येतं. आरसीवर बँकेचा बोजा नाही, सोयीनं भरता येतं. ठेवीची मुदत सहा-आठ महिन्यांत संपणार असेल तर मुदतपूर्व मोडण्याचा दंड टाळायलाही हे बरं. मात्र ती ठेव तारण असते, कर्ज असेपर्यंत ती अडीअडचणीला मोडता येत नाही. म्हणून आजारपणासाठी ठेवलेल्या ठेवीवर गाडी घेऊ नये. शिक्षक आणि सरकारी नोकरांनी आपल्या पतपेढीचा दरही विचारून बघावा, नियमित सभासदाला तिथे कागदपत्रांचा त्रास कमी असतो.

नऊ लाखांच्या ठेवी आणि महिन्याला पंचेचाळीस हजार खर्च असलेल्या घराला मी काय सांगेन? सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे जवळपास पावणेतीन लाख, बाजूला. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले तीन लाख बाजूला. उरलेल्यातले तीन लाख गाडीत घाला आणि तीन लाखांचं तीन वर्षांचं कर्ज घ्या. हप्ता ९,५४०, एकूण व्याज ४३ हजार. शिल्लक कर्ज विम्याच्या किमतीच्या खूप खाली राहतं आणि अडचणीचा पैसाही शाबूत.

जुनी गाडी विकताना एक गोष्ट हातची जाऊ देऊ नका. पाच वर्षं दावा न केल्यामुळे विम्यात मिळालेली ५० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीची नसते, मालकाची असते. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या विम्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला ती लागू होते. पहिल्या वर्षी काही हजार वाचतात, आणि शोरूममधला मुलगा हे आपणहून क्वचितच सांगतो. शोरूमचाच विमा घेण्याचं बंधन नसतं, ‘हँडलिंग चार्जेस’ही निमूटपणे भरायचे नसतात. जुनी आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर त्याचे चलन तुमच्या मोबाइलवर येत राहतील.

आणि कर्ज घेतलंच, तर शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यावा लागतो, तो आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो, आणि विमा पॉलिसीवरचं बँकेचं नावही काढावं लागतं. ना-हरकत पत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. अनेकजण ते फायलीत ठेवून विसरतात आणि सात-आठ वर्षांनी गाडी विकायला काढली, की पुन्हा बँकेच्या शाखेत खेपा घालतात. तोवर त्या शाखेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालेलं असतं.